पंचावन्न लाख, एक घाट आणि नवी जीटीआय

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. तुम्ही बाणेरला राहता. तुमच्याकडे २०१७ ची पोलो जीटी टीएसआय आहे आणि दर रविवारी पहाटे तुम्ही ताम्हिणीला जाता. हाताशी पंचावन्न लाख आहेत, त्यातले निम्मे कर्जाचे. यादीत गोल्फ जीटीआय, ऑक्टाव्हिया आरएस, जुनी बीएमडब्ल्यू एम३४०आय आणि इलेक्ट्रिक महिंद्रा बीई ६ आहेत. वडील म्हणतात, एवढ्या पैशांत मोठी एसयूव्ही येते. तुम्ही विचारलंय की यातली सगळ्यात वेगवान आणि चालवायला मजेची कुठली, आणि हल्लीच्या स्पोर्ट्स गाड्यांपैकी मला स्वतःला कुठली आवडते.

माझं मत आधीच सांगतो. कर्ज काढून यातली कुठलीही गाडी यंदा घेऊ नका. आधी एक वर्ष पोलोवरच काम करा आणि स्वतःच्या हातावरही. वर्षानंतरही जीटीआयच हवी असं वाटलं तर बिनधास्त घ्या, कारण तुमच्या यादीतली ती सगळ्यात चांगली गाडी आहे. ती तुम्हाला आत्ताच का घेऊ देत नाही, त्याची कारणं सांगायला जरा लांबण लावावी लागेल.

कोल्हापुरात माझं गॅरेज आहे. गेली बावीस वर्षं रोजच्या गाड्यांबरोबर रॅलीच्या आणि ट्रॅकवर पळवायच्या गाड्याही तयार करतो, आणि जमेल तेव्हा स्वतः चालवतो. चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक, कोईमतूरचं कारी मोटर स्पीडवे, आपल्याकडची धूळमातीची रॅली, हे सगळं करून झालंय. कंपनीने छापलेले आकडे आणि गाडी प्रत्यक्षात कशी वागते यांत किती अंतर असतं, ते या काळात पुष्कळ वेळा बघितलं.

जीटीआयपासून सुरुवात करू. मे २०२५ मध्ये ती भारतात आली, किंमत ५२.९९ लाख, एक्स-शोरूम. पहिल्या खेपेला फक्त १५० गाड्या होत्या, आणि किंमत जाहीर व्हायच्या आधीच त्या गेल्या. दोन लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, २६५ पीएस (पीएस म्हणजे जवळपास हॉर्सपॉवरच), ३७० न्यूटन मीटर टॉर्क, सात गिअरचा डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, शून्य ते शंभर ५.९ सेकंदांत. एका ग्राहकाच्या जीटीआयने मी आंबा घाट चढलो आणि परत उतरलो. इंजिन उत्तम आहे, पण लक्षात राहिला तो पुढच्या चाकांमधला डिफरन्शियल, म्हणजे इंजिनाची ताकद दोन चाकांत वाटणारा भाग.

हे जरा समजून घ्या, कारण जीटीआयचे निम्मे पैसे इथे वसूल होतात. साध्या पुढच्या चाकांच्या गाडीत वळणावर ॲक्सिलरेटर दाबला की आतल्या बाजूचं चाक हलकं होऊन जागच्या जागी फिरतं, कारण वजन बाहेरच्या चाकावर गेलेलं असतं. डिफरन्शियल ताकद तिकडेच वाया घालवतो आणि गाडीचं नाक वळणाच्या बाहेर पळतं. बहुतेक गाड्यांमध्ये यावर उपाय म्हणून आतल्या चाकाला कॉम्प्युटर हळूच ब्रेक लावतो. त्याने काम भागतं, पण तापलेले ब्रेक आणखी तापतात. जीटीआयमध्ये खराखुरा क्लच आहे, कॉम्प्युटरने आवळला जाणारा. तो ताकद उचलून बाहेरच्या चाकाला देतो. तुम्ही वळणाच्या मध्यावर ॲक्सिलरेटर देता आणि नाक बाहेर जायच्या ऐवजी आत ओढलं जातं. पहिल्यांदा अनुभवलं तेव्हा मी त्याच वळणावर परत मागे जाऊन पुन्हा एकदा केलं.

आणखी एक गोष्ट चांगली झाली. आधीच्या गोल्फमध्ये स्टिअरिंगवर नुसत्या स्पर्शाची बटणं होती, वळवताना तळहात लागला की काहीतरी चालू व्हायचं. या आवृत्तीत दाबायची बटणं परत आणली. हातांनी चालवायच्या गाडीत बटण बोटाला कळलंच पाहिजे, हे माझं ठाम मत आहे.

काय आवडलं नाही? मॅन्युअल गिअर नाही. आता जगात कुठेच या गोल्फ जीटीआयला मॅन्युअल मिळत नाही, हे मला मनापासून लागतं. डीएसजी वेगवान आहे, यात वाद नाही. जीटीआयचा ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचचा गिअरबॉक्स तुमच्या पोलोच्या कोरड्या क्लचच्या गिअरबॉक्सपेक्षा उष्णता कितीतरी चांगली सहन करतो, त्यामुळे चांदणी चौकातल्या रांगेत तो कमी कष्टी होईल. पण घाटात तिसऱ्यावरून दुसऱ्यावर येताना टाचेने ॲक्सिलरेटरला किंचित धक्का देऊन गिअर लागतो, तेव्हा इंजिन, क्लच आणि तुमचा पाय एका ताला‌त येतात. ते काम मशीनने केलं की गाडी वेगवान होते आणि माणूस रिकामा बसतो.

दुसरा प्रश्न जमिनीपासूनच्या उंचीचा. जीटीआय १३६ मिलिमीटर आहे. गतिरोधकाची अधिकृत उंची १०० मिलिमीटर, आणि तोही पावणेचार मीटर रुंद, गोलसर असायला हवा. आपल्या गावागावांत दोन हात रुंदीचे, भिंतीसारखे उभे गतिरोधक असतात, ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले माहीत आहेत. त्यात २२५/४० आर १८ टायर, म्हणजे रबराची भिंत जेमतेम ९० मिलिमीटर. पावसाळ्यानंतरच्या ताम्हिणीत एक खड्डा नजरेतून सुटला की रिम गेलाच.

ऑक्टाव्हिया आरएस ऑक्टोबर २०२५ मध्ये आली, ४९.९९ लाखांना, अवघ्या १०० गाड्या, आणि त्याही बुकिंगमध्येच संपल्या. इंजिन तेच, २६५ पीएस, शून्य ते शंभर ६.४ सेकंद. लांब गाडी आहे, मागे ६०० लिटरची डिकी, मागच्या सीटवर माणसं नीट बसतात. घरात एकच गाडी ठेवायची असेल तर मी गोल्फ सोडून ही घेतली असती. वडिलांना हिचा दरवाजा उघडून दाखवा, त्यांचं निम्मं म्हणणं तिथेच मिटेल. हायवेवर ती गोल्फपेक्षा शांत आहे, तीव्र वळणावर मात्र तिची लांबी जाणवते. दोन्ही गाड्या आता बहुधा वापरलेल्याच मिळतील. आत्ता त्या हौशी लोकांच्या हातात आहेत, वर्ष-दोन वर्षांत त्यातले काही जण पुढची गाडी घेतील आणि या बाजारात येतील. थांबायला हेही एक कारण आहे.

त्या इतक्या थोड्या का येतात? परदेशात मंजूर झालेल्या गाड्या इथे पुन्हा चाचण्या न करता वर्षाला अडीच हजारांपर्यंत आणायची मुभा कंपन्यांना २०१८ पासून आहे. त्या वाटेने येणारी गाडी आयात कर भरूनच येते, म्हणून किंमत चढते, आणि किंमत चढली म्हणून कंपनी मोजक्याच आणते. आपल्याकडे हे जुनंच आहे. २०१६ ची पोलो जीटीआय अशीच ९९ नग आणली होती, तीन दरवाज्यांची, १९२ पीएसची. याउलट २०१५ ची अबार्थ पुंटो आपल्या रांजणगावात बनली. १४५ पीएस, किंमत दहा लाखांच्या आत. गिअर जरा सैल लागायचा, बसायची जागा उंच होती, पण इंजिनने तीन हजारांचा आकडा ओलांडला की जी झेप यायची, ती अजून विसरलो नाही. तसली गाडी पुन्हा महाराष्ट्रात बनावी अशी माझी फार इच्छा आहे.

एम३४०आयबद्दल. सहा सिलिंडर एका रेषेत, तीन लिटर, ३७४ पीएस, चारही चाकांना ताकद, शून्य ते शंभर ४.४ सेकंद. चेन्नईला जुळणी होते, म्हणून त्या ताकदीला त्या किमतीत दुसरी गाडी नाही. इंजिन म्हणून हे सध्याच्या सर्वोत्तम इंजिनांपैकी एक आहे, असं मी छातीठोक सांगतो. पण जुनी घेताना सांभाळा. या इंजिनाला नुसत्या लॅपटॉपने ताकद वाढवता येते, आणि पहिल्या मालकाने ती वाढवली नसेल याची खात्री विक्रेत्याच्या शब्दावर धरू नका. विकायच्या आधी मूळ सॉफ्टवेअर परत टाकलेलं असतं. चारही टायर एकाच कंपनीचे आणि एकसारखे झिजलेले आहेत का बघा, कारण चारही चाकं चालणाऱ्या गाडीत असमान टायर ट्रान्सफर केसला, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या भागाला, खातात. ब्रेक डिस्कच्या कडेला झिजून उंचवट्याचा ओठ आलाय का ते बोटाने चाचपा. वीस-पंचवीस हजार किलोमीटरवर डिस्क संपलेली दिसली तर ती गाडी कशी चाललीय ते कळलंच. आणि हे लक्षात घ्या की ती पावणेदोन टनांच्या आसपास आहे. ताम्हिणीच्या अरुंद वळणांवर तिला जागाच पुरत नाही. सोलापूर रस्त्यावर ती राणी आहे.

आता इलेक्ट्रिक. बीई ६ ची मी मनापासून स्तुती करतो, कारण चाकणमध्ये बनलेली, २८६ पीएसची, मागची चाकं ढकलणारी गाडी इतक्या किमतीत मिळेल असं दहा वर्षांपूर्वी कुणी म्हटलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता. शहरात सिग्नल सुटल्यावरचा तिचा पिकअप तुमच्या पोलोला जागेवर सोडतो. एमजी सायबरस्टर त्याच्या कितीतरी पुढे, ५१० पीएस, शून्य ते शंभर ३.२ सेकंद, वर उघडणारे दरवाजे. ती पंच्याहत्तर लाखांच्या घरात, म्हणजे तुमच्या आवाक्याबाहेर. पण तुम्ही वेगवान कुठली असं विचारलंय, तर पैशाच्या हिशेबात हीच.

पण ३.२ सेकंदांचा आनंद किती टिकतो? पहिल्या आठवड्यात प्रत्येक मित्राला बसवून दाखवता. महिन्याभराने पाठीला तो धक्का सवयीचा होतो. वळणावर गाडी हाताशी बोलते की नाही, हे मात्र पाच वर्षांनीही तितकंच कळतं. सायबरस्टर जवळपास दोन टनांची आहे. दोन माणसांच्या उघड्या गाडीचं हे वजन आहे. माझदाची एमएक्स-५, जी अधिकृतपणे आपल्याकडे विकली जात नाही, साधारण एक टनाची, आणि तिच्यात अर्ध्याहूनही कितीतरी कमी ताकद. दोन्हींतली एक दे म्हटलं तर मी डोळे झाकून माझदा उचलेन.

इलेक्ट्रिकमध्ये मला खरा आदर वाटतो तो ह्युंदाई आयॉनिक ५ एनबद्दल. तीही जड आहे, सव्वादोन टनांच्या जवळ. पण तिच्या इंजिनिअरांनी ओळखलं की चालवणाऱ्याला नुसता वेग नको, काहीतरी करायला हवं असतं. म्हणून त्यांनी खोटे गिअर घातले, प्रत्येक टप्प्याला ताकद तोडून धक्का देणारे, आणि ट्रॅकवर बॅटरी तापून ताकद पडू नये म्हणून ती आधी थंड करायची सोय दिली. गिअर खोटे असले तरी वळणाच्या आधी वेग कुठवर उतरलाय हे कानाला कळतं. बाकीच्या इलेक्ट्रिक गाड्यांमध्ये तो कानाचा आधारच जातो, आणि माणूस वळणात वीस किलोमीटर जास्त घेऊन शिरतो.

इलेक्ट्रिक घेतलीतच तर एक गोष्ट घाटासाठी लक्षात ठेवा. महाबळेश्वरच्या हॉटेलवर रात्रभर शंभर टक्के चार्ज करून सकाळी घाट उतरू नका. भरलेल्या बॅटरीत उतारावरची वीज परत घ्यायला जागाच नसते. ज्या मोटर-ब्रेकिंगची तुम्हाला सवय झालेली असते ते सुरुवातीच्या उतारावर दुबळं पडतं आणि सगळा भार साध्या ब्रेकवर येतो. ऐंशी टक्क्यांवर चार्जर काढा.

आता वजन. तुम्ही विचारलं, हल्लीच्या मोठ्या स्पोर्ट्स गाड्या कशा वाटतात. माझ्या मते गेल्या वीस वर्षांत ताकद वाढली, आणि तिच्या मागून वजन इतकं वाढलं की निम्मी कमाई त्यात गेली. नवी बीएमडब्ल्यू एम५ घ्या. ७२७ पीएस, १,००० न्यूटन मीटर. वजन २,४३५ किलो. पंचवीस वर्षांपूर्वीची ई३९ एम५ चारशे पीएसची होती आणि अठराशे किलोच्या आत. मर्सिडीज सी६३ मध्ये पूर्वी ६.२ लिटरचं आठ सिलिंडरचं इंजिन होतं, त्याच्या आवाजासाठी लोक रस्त्यावर थांबायचे. नवीत दोन लिटरचं चार सिलिंडर इंजिन आणि मागे मोटर, मिळून ६८० पीएस, वजन २,१११ किलो. कागदावर ती आपल्या आईबापांपेक्षा कितीतरी सरस आहे. त्या छोट्या इंजिनाची अभियांत्रिकी खरोखर थक्क करणारी आहे. पण ज्याने जुनी ऐकलीय त्याला नवी घ्यायला सांगताना माझी जीभ अडखळते.

पोर्शे ९११ जीटी३ ला मात्र मी नमस्कार करतो. चार लिटर, टर्बो नाही, ९,००० आरपीएम, ५१० पीएस, साडेचौदाशे किलोच्या आसपास, आणि मॅन्युअल गिअर मागता येतो. टोयोटा जीआर यारिस तशीच, तीन सिलिंडरची, १,२८० किलोची, चारही चाकं ओढणारी. रॅलीसाठी बनलेली गाडी रस्त्यावर कशी असावी, हे तिने दाखवलं. ती भारतात यावी म्हणून मी पाच वर्षं वाट बघतोय. आणि गोल्फ जीटीआयचंच बघा. १९७६ ची पहिली जीटीआय ११० पीएसची होती, साधारण ८१० किलोची. आजची साडेचौदाशेच्या आसपास आहे. आजची निर्विवाद वेगवान आणि कितीतरी सुरक्षित आहे, त्यातलं बरंचसं वजन एअरबॅग आणि मजबूत पत्र्याचं आहे, ते हवंच. तरी आजच्या बाजारात साडेचौदाशेची गाडी हलकी म्हणावी लागते, यातच सगळं आलं.

वजनाला मी एवढा का धरून बसलोय, त्यामागे एक अनुभव आहे.

२०१२ चा मे महिना. माझ्याकडे तेव्हा एक हॅचबॅक होती. मीच तिची ताकद वाढवली होती, टर्बोचं प्रेशर चढवलं होतं, चांगली ताणून पळायची. ब्रेक मात्र मूळचेच ठेवले होते. महिन्यापूर्वी दुसऱ्या एका गॅरेजमध्ये सर्व्हिसिंग झालं होतं आणि बिलात ब्रेक ऑइल बदलल्याचं लिहिलं होतं. महाबळेश्वरहून पोलादपूरकडे आंबेनळी घाट उतरत होतो, शेजारी धाकटा भाऊ. कुंभरोशीच्या खाली तिसऱ्या-चौथ्या वळणाला ब्रेक पेडल मऊ लागलं. पुढच्या वळणाला ते पायाखाली जमिनीला टेकलं. काहीच नाही. पेडल पंपासारखं मारत राहिलो, दुसरा गिअर घातला, इंजिन किंचाळलं, हँडब्रेक टप्प्याटप्प्याने ओढला आणि गाडी डोंगराच्या बाजूच्या गटारात घातली. दरीची बाजू उजवीकडे होती. भाऊ दहा मिनिटं काही बोलला नाही. खाली उतरून बघितलं तर डिस्कचा रंग निळा झाला होता. ऑइल नंतर काढलं ते चहासारखं काळपट. ते बदललेलंच नव्हतं. पण बिलावर विश्वास ठेवून झाकण उघडून न बघणारा मीच होतो, आणि ताकद वाढवून ब्रेक तसेच ठेवणाराही मीच.

झालं काय होतं? ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं. नवं डॉट ४ ऑइल २३० अंशांना उकळतं, पाणी शोषलेलं १५५ अंशांनाच. उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. पेडल दाबलं की वाफ दबते, पॅडला जोर जातच नाही.

आता हिशेब करा. महाबळेश्वर ते पोलादपूर उंचीतला फरक सुमारे १,३०० मीटर. दोन माणसांसह १,६०० किलोची गाडी तेवढी खाली आणायची म्हणजे जी ऊर्जा कुठेतरी मुरवावी लागते, तिच्यात साधारण ६५ लिटर पाणी साध्या तापमानापासून उकळीपर्यंत नेता येईल. काही भाग टायर खातात, काही हवा, काही गिअरमध्ये ठेवलेलं इंजिन. उरलेला सगळा चार डिस्कमध्ये. अडीच टनांच्या गाडीला हेच पाणी शंभर लिटरच्या पुढे जातं. आणि तुम्ही प्रत्येक वळणाआधी वेग वाढवून पुन्हा ब्रेक मारत असाल, तर ती भर वेगळीच. म्हणून गॅरेजमध्ये कुणी ताकद वाढवायला आला की मी आधी त्याची चाकं काढतो.

टायरचंही तसंच. ताशी १०० किलोमीटरवरून चांगल्या टायरवर, कोरड्या रस्त्यावर गाडी साधारण ४० मीटरमध्ये थांबते. कडक झालेल्या जुन्या टायरवर तीच ५० मीटरच्या पुढे जाते. हा दहा-बारा मीटरचा फरक म्हणजे तुमच्या पोलोच्या तीन लांब्या. आणि वेग १०० चा १४० केला की थांबायचं अंतर जवळपास दुप्पट होतं, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. ५.९ सेकंदांचा आकडा सगळ्यांच्या तोंडी असतो, थांबायच्या अंतराचा एकाच्याही नाही.

तर तुमच्या वर्षाचं काय करायचं.

पोलोला चार नवे, चांगल्या दर्जाचे टायर टाका. चाळीस हजारांच्या आसपास जातील, आणि ती दुसरीच गाडी वाटेल. ब्रेक ऑइल स्वतः समोर उभं राहून बदलून घ्या, चारही चाकांतून स्वच्छ ऑइल येईपर्यंत. पुढचे पॅड जरा वरच्या दर्जाचे घ्या, पण ट्रॅकचे नकोत, ते थंड असताना धरत नाहीत आणि सकाळच्या पहिल्या सिग्नललाच घाबरवतील. खालच्या आर्मचे बुश आणि शॉकअप्सर तपासा, आठ-नऊ वर्षांच्या गाडीत ते संपलेले असणारच. हे सगळं झाल्यावर व्हील अलाइनमेंट.

मग चालवायला शिका. हे वाईट वाटून घेऊ नका, मीही पस्तिशीत शिकलो. कोल्हापूरला मोहितेंचा कार्टिंग ट्रॅक आहे, तिथे दोन-चार वेळा या. कार्टमध्ये सस्पेन्शन नसतं, वजन कुठून कुठे गेलं ते थेट पाठीला कळतं. नंतर चेन्नई किंवा कोईमतूरला ट्रॅकवर शिकवणाऱ्या शाळा आहेत, त्यांच्याच गाडीत, शिक्षकासह. दोन दिवसांत तुम्हाला कळेल की ब्रेक किती उशिरा मारता येतो आणि किती आधी सोडायचा असतो. हे सगळं मिळून जीटीआयच्या आरटीओ करापेक्षा कितीतरी कमी खर्चात होतं.

याच वर्षात मॅन्युअलची हौस आली, तर दीडशे पीएसच्या घरातल्या गाड्या बघा. व्हर्टसचं दीड लिटर टर्बो इंजिन १५० पीएस देतं, गाडी साडेबाराशे किलोच्या आसपास, चाकणमध्येच बनते. वेर्नाचं दीड लिटर टर्बो १६० पीएसचं. चालवायला मला व्हर्टस आवडते, तिचं स्टिअरिंग जास्त सांगतं. मी पाहिलेल्या व्हर्टसना मागे ड्रम ब्रेक होते, टर्बो वेर्नाला डिस्क, एवढा मुद्दा वेर्नाच्या बाजूने. बजेट आणखी आवरायचं असेल तर आय२० एन लाइन, १२० पीएस, छोटी गाडी म्हणून सप्टेंबर २०२५ पासून तिच्यावरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला. या तिन्हींना तुम्ही घाटात पूर्ण वापरू शकता. जीटीआयची पूर्ण ताकद ताम्हिणीत एकदाही वापरता येणार नाही, वापरलीत तर ते चुकीचं असेल.

ताम्हिणीबद्दल मला हे बोललंच पाहिजे. पहाटे साडेपाचला रस्ता रिकामा वाटतो. तो रिकामा नसतो. दुधाची गाडी असते, शाळेच्या एसटीला चालत निघालेली पोरं असतात, पावसाळ्यात धबधब्याजवळ रस्त्यातच उभे राहिलेले लोक असतात. तिथे चालवण्यातला आनंद ओळ नीट धरण्यात, गिअर वेळेवर लावण्यात, शेजारच्याच्या हातातला चहा न सांडता घाट उतरण्यात घ्या. वेगाची भूक ट्रॅकवर भागवा. द्रुतगती मार्गावरही १०० ची मर्यादा आहे, घाटात ६० ची, आणि कॅमेरे आता सगळीकडे आहेत. या हातांनी मी अपघातातल्या गाड्या उचलून आणल्यात, त्यातल्या काहींच्या आत काय होतं ते इथे लिहिणार नाही.

रिमॅप करू का, म्हणजे इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवू का, असं तुम्ही विचारलं नाहीत पण विचाराल. आत्ता नको. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे मूळ रचनेत परवानगीशिवाय बदल करता येत नाही, आणि अपघात झाला तर विमा कंपनी हेच बोट दाखवते. शिवाय तुमच्या पोलोचा कोरडा क्लच टॉर्कच्या मर्यादेवरच चालतो.

वडिलांना माझा नमस्कार सांगा. त्यांचं म्हणणं चुकीचं नाही. कर्जाचे हप्ते सुरू असताना रिम वाकला की हौशीची चव जाते, हे त्यांना दिसतंय. साडेसत्तावीस लाख तुमचे आहेत, ते तसेच राहू द्या, वर्षभरात त्यात भर पडेल, आणि पुढच्या दिवाळीला वापरलेली जीटीआय किंवा आरएस बिनकर्जाची दारात उभी राहील. तेव्हा घ्यायच्या आधी गाडी माझ्याकडे आणा, चाकं काढून मी बघून देतो.

आज एवढंच करा. खाली उतरा आणि पोलोच्या प्रत्येक टायरच्या भिंतीवर चार आकड्यांची खूण शोधा, लंबगोल चौकटीत असते. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. तुमच्या टायरवर शेवटी २० किंवा त्याआधीचं वर्ष असेल, तर नक्षी कितीही खोल दिसली तरी रबर कडक झालेलं आहे, आणि येत्या रविवारी ताम्हिणीला जाऊ नका.